सहलीला न येणारी सहा मुलं आणि आपल्या गावाजवळची नदी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचे वारे वाहू लागतात. मुलं रोज विचारतात, "बाई, यंदा सहल कुठं?" माझ्या चौथीच्या वर्गात चौतीस मुलं होती. सहल ठरली, तेराशे रुपये वर्गणी ठरली आणि संमतीपत्रं घरी गेली. आठ दिवसांत अठ्ठावीस पत्रं सही होऊन परत आली. सहा आली नाहीत.

त्यातली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, सहलीच्या दिवशी माझं पोट दुखणार आहे." सहलीला अजून बारा दिवस होते. नऊ वर्षांच्या पोरीनं बारा दिवस आधीच आजारपण ठरवून ठेवलं होतं. घरची अडचण वर्गात कुणाला कळू नये, एवढंच तिला हवं होतं. तिच्या वडिलांना मी फोन केला तर ते म्हणाले, "औंदा न्हाई जमायचं बाई. पोरीला सांगितलंय, पुढच्या साली जा म्हणून."

मी तेव्हा काहीच बोलू शकले नाही. सहल गेली, ती सहा मुलं घरी राहिली. सोमवारी वर्गात सगळे सहलीच्या गप्पा मारत होते आणि ही सहा जणं वहीत डोकं घालून बसली होती. त्या दिवशी मी ठरवलं, की वर्षातून निदान दोन-तीन वेळा तरी असं बाहेर जायचं की ज्यात एकही मूल मागं राहणार नाही. आणि त्यासाठी लांब जायची गरजच नव्हती. आम्ही कराडजवळ राहतो. दोन नद्यांचा संगम, लेणी, गड आणि माणसांनी उभं केलेलं जंगल, सगळं तासाभराच्या अंतरात आहे. आज याच ठिकाणांविषयी लिहिते. तुम्ही दुसऱ्या गावचे असाल तरी वाचा. नदी, टेकडी, बाग तुमच्याकडेही असेलच.

पहिल्या वेळी माझं काय चुकलं

आधी चूक सांगते. पहिल्यांदा मी मुलांना प्रीतिसंगमावर नेलं ते काहीच तयारी न करता. मनात म्हटलं, बाग आहे, नदी आहे, मुलं रमतील. मुलं रमली, नाही असं नाही. झोपाळे खेळली, डबे खाल्ले, घरी आली. दुसऱ्या दिवशी "काल काय पाहिलं?" विचारलं तर बहुतेकांनी लिहिलं, "आम्ही बागेत गेलो. खूप मजा आली." बास. संगमावर जाऊन आलेल्या मुलांच्या वहीत नदीचं नाव नव्हतं!

शिवाय एक मुलगा माझी नजर चुकवून घाटाच्या खालच्या पायरीवर गेला. पायरीवर शेवाळ होतं. तो घसरला, पण सुदैवानं वरच्या बाजूलाच बसला. गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक माझीच होती. मुलांना कुठं उभं राहायचं आणि काय बघायचं, या दोन्ही गोष्टी मी सांगितल्या नव्हत्या.

तेव्हापासून एक नियम केला. ठिकाण कोणतंही असो, आधी मी एकटी जाऊन पाहून येते, आणि मुलांना तीन प्रश्न देऊनच नेते. तीनच. जास्त दिले की मुलं पाहायचं सोडून लिहीतच बसतात.

१) प्रीतिसंगम : दोन नद्या, एक वळण

कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. म्हणजे माहेर एकच. पण तिथून निघाल्यावर वाटा वेगळ्या होतात. कृष्णा वाईकडून खाली येते. वाटेत माहुलीला वेण्णा तिला मिळते. कोयना मात्र सह्याद्रीच्या रांगांमधल्या अरुंद खोऱ्यातून बराच काळ दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला येते. इथं दोघी समोरासमोर येऊन भेटतात. नेहमी एक नदी दुसरीला बाजूनं येऊन मिळते, इथं तसं नाही. म्हणूनच या संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. पुढे तिचं नाव कृष्णाच राहतं. ती सांगलीवरून कर्नाटकात जाते, मग तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. एकूण लांबी सुमारे १,४०० किलोमीटर.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर शिकवलेलं होतं. पण संगमावर उभं राहून "कोणती नदी कुठून आली, हात करून दाखवा" म्हटलं, तेव्हा निम्म्या मुलांचे हात चुकीच्या दिशेला होते! नकाशात नदी शोधता येणं वेगळं आणि समोरची नदी ओळखता येणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं.

संगमावरचे माझे तीन प्रश्न असे असतात :

• दोन्ही नद्यांच्या पाण्याचा रंग आणि वेग सारखाच आहे का?
• पाण्यात तरंगणारी जलपर्णी किंवा काटकी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायला किती आकडे मोजावे लागतात?
• काठावर कोणते पक्षी दिसले आणि ते काय करत होते?

दुसऱ्या प्रश्नासाठी पाण्याजवळ जावं लागत नाही. काठावरच्या वाटेवरची दोन झाडं ठरवायची, त्यांच्यातलं अंतर मुलांनी पावलांनी मोजायचं आणि घड्याळ लावायचं. अंतर भागिले वेळ. वेग म्हणजे काय, हे चौथीच्या मुलांना व्याख्या न सांगता समजतं. तिसऱ्या प्रश्नाला खंड्या, बगळा, पाणकावळा, टिटवी अशी उत्तरं येतात. पाणकावळा पंख पसरून उन्हात का बसतो, यावर आमच्याकडे एकदा पंधरा मिनिटं वाद झाला. पाण्यात बुडी मारल्यावर त्याची पिसं भिजतात, ती तो वाळवत असतो. हे मी सांगण्याआधीच एका मुलानं सांगितलं, "बाई, तो कपडे वाळत घालतोय."

पाऊस नसताना पाणी का वाढतं?

कराडच्या मुलांना हे माहीत असायलाच हवं. कोयनानगरला कोयना धरण आहे. उंची सुमारे १०३ मीटर. त्याच्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं बरंच पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे वळवून वीज तयार केली जाते. बाकीचं गरजेप्रमाणे नदीत सोडतात. पावसाळ्यात धरण भरत आलं की दरवाजे उघडतात. म्हणजे कराडात ऊन पडलेलं असलं तरी वरून सोडलेल्या पाण्यानं इथं नदी चढू शकते.

बातम्यांमध्ये "दहा हजार क्युसेक विसर्ग" असं ऐकतो. मुलं ऐकतात, आपणही ऐकतो, पण म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. आमच्या शाळेवरची काळी टाकी एक हजार लिटरची आहे. म्हणजे एका सेकंदात अशा २८३ टाक्या! मी टाळी वाजवते आणि म्हणते, "गेल्या २८३ टाक्या." पुन्हा टाळी, पुन्हा २८३. चार टाळ्यांतच मुलं गप्प होतात. नदीपासून लांब राहा असं शंभर वेळा सांगण्यापेक्षा हा गुणाकार जास्त पटतो, असा माझा अनुभव आहे.

समाधी आणि बाग

संगमाच्या काठावरच यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, त्याचे ते पहिले मुख्यमंत्री. जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे गावी. शिक्षण कराडला. निधन २५ नोव्हेंबर १९८४. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कृष्णाकाठ' आहे. मुलांना मी एवढंच विचारते, "मोठं झाल्यावर तुम्ही तुमच्या गोष्टीला कोणत्या जागेचं नाव द्याल?" उत्तरं फार सुंदर येतात. कुणी 'आमची गल्ली', कुणी 'चिंचेखाली'. एकानं लिहिलं, 'उसाचा फड'. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात.

वेळ असेल तर गावातच पंताच्या कोटात असलेली नकट्या रावळाची विहीर दाखवा. पायऱ्यांची जुनी विहीर आहे. कठड्यापासून लांब, मोठ्यांच्या सोबतीनंच. नळ येण्याआधी माणसं पाणी कसं आणत, हा पाठ तिथं दोन मिनिटांत समजतो.

२) आगाशिवची लेणी : डोंगरातलं जुनं घर

कराडपासून चार-पाच किलोमीटरवर, जखिणवाडीजवळ आगाशिवचा डोंगर आहे. त्यात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. काही चैत्य, म्हणजे प्रार्थनेच्या जागा, आणि बरेच विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातली. कराडचं नावही तितकंच जुनं आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुत इथल्या स्तूपावरच्या कोरीव लेखांत 'करहाकट' इथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि ते करहाकट म्हणजे आपलं कराड, असं अभ्यासक मानतात. आपल्या गावातली माणसं इतक्या जुन्या काळी इतक्या लांब दान देत होती, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात.

इथला माझा आवडता प्रश्न : "या खोलीत दगडी ओटा आहे. तो कशासाठी असेल?" मुलं आडवी होऊन बघतात. "बाई, झोपायला!" बरोबर. मग दुसरा प्रश्न, "ही खोली बांधली की कोरली?" बांधताना आपण दगडावर दगड रचतो, कोरताना नको तो दगड काढून टाकतो. हा फरक मी साबणाच्या वडीवर वर्गात आधीच करून दाखवते. लेण्यात गेल्यावर मुलं भिंतीला हात लावून सांधा शोधतात आणि सापडत नाही म्हणून खूश होतात. हा दगड बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या लाव्हारसाचे थर थंड होऊन सह्याद्रीचा हा खडक तयार झाला.

काळजी : वाटेवर घसरडी माती असते, त्यामुळे पावसाळ्यात नेऊ नका. मधमाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून आरडाओरडा नाही, अत्तर-स्प्रे नाही आणि दगड मारणं तर मुळीच नाही. लेण्यांत वटवाघळं असतात, त्यांनाही त्रास द्यायचा नाही. भिंतीवर नाव लिहिलेली दिसतात. त्यावर मुलांशी नक्की बोला. "दोन हजार वर्षं टिकलेल्या भिंतीवर नाव लिहिणाऱ्याला तुम्ही काय सांगाल?" आमच्या मुलांनी त्याला पत्रं लिहिली. निबंधापेक्षा ती कितीतरी चांगली झाली.

३) सदाशिवगड : छोट्या पायांसाठी पहिला गड

लहान मुलांना एकदम मोठ्या किल्ल्यावर नेऊ नये. सदाशिवगड त्यासाठी छान. कराड रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला आहे, त्याच बाजूला हजारमाचीकडून पायऱ्यांनी वर जाता येतं. वर महादेवाचं मंदिर आहे. सकाळी फिरायला येणारे लोक भेटतात, त्यामुळे वाट सुनसान नसते. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहेच. गडावर बसून तो शिकवला तर 'टेहळणी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खाली नदी, रस्ता, रेल्वे आणि उसाची शेतं दिसतात. मुलांना चार दिशा ठरवून प्रत्येक दिशेला काय दिसतं त्याचा साधा नकाशा काढायला लावा. ओगलेवाडीचं नाव आलं की 'प्रभाकर' कंदिलाची गोष्टही सांगा. ओगल्यांच्या काच कारखान्याचा हा कंदील एके काळी घरोघरी होता. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी विचारून यायचं. आमच्या वर्गात एक मूल खरोखरचा जुना कंदील घेऊन आलं होतं.

मोठ्या मुलांना, सातवी-आठवीला, तळबीडजवळचा वसंतगड न्या. तळबीड हे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचं गाव.

४) सागरेश्वर : माणसांनी लावलेलं जंगल

पूर्ण दिवस काढता येत असेल तर सागरेश्वर अभयारण्य बघा. सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्र्याजवळ, कराडपासून साधारण तीस किलोमीटरवर. जाताना यशवंतरावांचं जन्मगावही होतं. क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्य म्हणून लहानच. पण याची गोष्ट मोठी आहे. हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं आणि गावकरी, वनविभाग यांच्या मेहनतीनं इथं झाडं लावली गेली, प्राणी आणून सोडले गेले आणि १९८५ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. आज इथं सांबर, चितळ, काळवीट आहेत. वरच्या टोकावरून कृष्णेचं खोरं दिसतं. पायथ्याशी जुन्या शिवमंदिरांचा समूह आहे.

आपण दर वर्षी शाळेत झाड लावून फोटो काढतो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवीन झाड! सागरेश्वर बघून आल्यावर आमच्या मुलांनी स्वतःहून पाण्याच्या पाळ्या लावल्या. सात झाडांतली चार जगली. चारच. पण ती मुलांची आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही जवळची मुलं येऊन पाणी घालत होती.

आणखी लांब जायचं असेल तर कोयनानगरचं नेहरू उद्यान आहे. धरणाचा परिसर आणि बाग एकत्र बघायला मिळते.

जाण्याआधी हे करा

१. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि प्रत्येक पालकाचं संमतीपत्र. ठिकाण जवळचं असलं तरी.
२. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन या. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, सावली कुठं आहे ते पाहा.
३. दहा मुलांमागे एक मोठा माणूस. पालकांना सोबत बोलवा. ज्या पालकांना पैसे देणं जमत नाही, त्यांना वेळ देणं बऱ्याचदा जमतं आणि आवडतंही.
४. पाण्यात उतरायचं नाही. पाय धुवायलाही नाही. कोणत्या पायरीच्या खाली जायचं नाही ते आधी दाखवा आणि तिथं एक मोठा माणूस उभा करा.
५. मुलांच्या जोड्या लावा. दर अर्ध्या तासाला शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात वर धरायचा.
६. नदीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. धरणातून पाणी सोडल्याची सूचना असेल तर बेत सरळ रद्द करा. मुलं रुसतील, रुसू द्या.
७. डबा घरचाच. कचऱ्यासाठी पिशवी सोबत. आपला कचरा आपल्यासोबत परत.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, रविवारी संध्याकाळी तुम्ही मुलांना बागेत नेताच. तिथं मोबाईल दहा मिनिटं खिशात ठेवा आणि एकच प्रश्न विचारा : "हे पाणी इथं कुठून आलं असेल?" उत्तर तुम्हाला येत नसलं तरी चालेल. "चल, आपण शोधू" म्हणा. मुलाला उत्तरापेक्षा तुमचं सोबत शोधणं जास्त लक्षात राहतं. तुम्ही लहानपणी नदीवर काय करत होता, तेही सांगा. त्या गोष्टी कोणत्याच पुस्तकात नाहीत.

मोठी सहल वाईट, असं माझं म्हणणं नाही. मुलांनी समुद्र बघावा, रायगड बघावा. आमची शाळाही दर वर्षी जाते. पण ती सहल काहींची असते आणि ही सगळ्यांची.

दुसऱ्यांदा संगमावर गेलो तेव्हा चौतीसच्या चौतीस मुलं होती. बारा दिवस आधी पोट दुखणारी ती मुलगी सगळ्यात पुढं होती. तिचे वडील सुट्टी काढून सोबत आले होते. घाटाच्या त्या पायरीवर कोण उभं राहणार, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "मी थांबतो बाई. मला पवायला येतं." सकाळभर ते तिथंच उभे होते. मुलं त्यांना नदीविषयी विचारत होती आणि ते सांगत होते, पूर कुठवर येतो, मासे कुठं मिळतात, भोवरा कुठं असतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी जाताना ती मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "माझ्या पप्पांना सगळं माहीत हाय."

आपल्याही वर्गात हे करून पाहा. तुमच्या गावाजवळ कोणती नदी, कोणती टेकडी, कोणती बाग आहे आणि तिथं तुम्ही मुलांना कोणते तीन प्रश्न द्याल, ते आजच वहीत लिहून ठेवा.